आधी कोणी बोलायचं

सकाळपासून सून लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली होती. ऑफिसची एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर, तिने नव्या सर्व्हरवर हलवली होती. आतलं सगळं जसंच्या तसं आलं होतं, नेटवर्कवरची ओळखही तीच होती, पण कोणाचाच निरोप त्या मशीनपर्यंत पोचत नव्हता.

"बिघडलीय का गं?" सोफ्यावरून सासूबाईंनी विचारलं. जुनं घर बंद करून त्या इथे राहायला आल्यापासून त्यांचं एकच पालुपद होतं. मैत्रिणी विसरल्या, एकीचाही फोन नाही. आज पहिल्यांदाच त्या दुसरं काही बोलल्या.

"मशीन ठणठणीत आहे, आई. पण बाकीच्यांच्या डोक्यात तिची जुनीच जागा बसलीय. सगळे निरोप तिकडेच जाताहेत."

"मग त्या सगळ्यांना सांगत फिरणार?"

"नाही. हिलाच एकदा बोलायला लावायचं. हिची हाक गेली की त्यांना कळतं, ही आता कुठे आहे ते."

"म्हणजे घरही हिनेच सोडायचं आणि कमीपणाही हिनेच घ्यायचा?"

"त्यात कमीपणा कसला? आपण हललोय, हे तिलाच तर ठाऊक आहे."

सुनेने एक ओळ टाइप करून एंटर दाबलं. निरोप यायला लागले.

सासूबाई फोन घेऊन आत गेल्या. जरा वेळाने स्पीकरवरचा एक म्हातारा, रागावलेला आवाज बाहेरपर्यंत आला.

"आहेस कुठे, बये? रोज तुझ्या घरी फोन लावते. नुसता वाजत राहतो."