दोन इंच वर

चंपाच्या लग्नाला सात वर्षं झाली, पण तिच्या आईनं, काशीनं, अजून लेकीचं घर बघितलं नव्हतं. तिचे पाय गेलेले. जावयाच्या जुन्या जीपचं पोट चढणीवरच्या कातळाला अडायचं आणि डोलीचं नाव काढलं की म्हातारी भडकायची. "चार जणांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार!"

शहाऐंशीच्या शिमग्याआधी जावयानं, दत्तारामनं, अंगणातच जीप चिऱ्यांवर चढवली, पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचे पाटे सोडले आणि त्यांत दोन इंची लोखंडी ठोकळे बसवले. चंपानं पान्यावर उभं राहून बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी कातळ खाली राहिला आणि काशीला घेऊन जीप थेट दारात आली. अख्खी वाडी जमली.

"गो चंपा, एवढी उंच केलीन गाडी, आता मी उतरू कशी?"

चार बाप्ये धावले. म्हातारीनं त्यांना हातानंच मागे सारलं. चंपा पाठ करून जीपच्या दाराशी वाकली.

"हां, लेकीचा एकच खांदा. तो चालंल," काशी म्हणाली आणि पाठुंगळी बसून तिनं ओटीपासून परसापर्यंत सगळं घर बघितलं.