कपाटावरची बॅग

"पाच वाजेपर्यंत उत्तर द्यायचंय, बाबा. शिकागोलाही आणि चिप कंपनीलाही."

"कंपनीला हो म्हण. विषय संपला," गुरुनाथ म्हणाला.

आश्लेषा टेबलापाशी उभीच राहिली. कंपनी इथेच कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये होती, घरापासून गाडीने जवळ. शिकागोत तिला पीएचडी करायची होती, एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन अर्थतज्ज्ञावर.

"चालून आलेली नोकरी सोडायची, तीही मेलेल्या जर्मनासाठी?"

"तो काय म्हणतो ते ऐक तरी. अर्थशास्त्रातला कुठलाच नियम सगळ्या काळांना लागू पडत नाही. चूक की बरोबर ते नंतर. आधी विचारायचं, हा नियम कधी आणि कुठल्या अडचणीत जन्मला."

"माझा नियम कधीही चालतो. नोकरी नाही तर देश नाही."

"आणि तो कधी जन्मला?"

ओट्याकडून तिच्या आईने, सुवर्णाने, उत्तर दिलं, "तू चार वर्षांची होतीस तेव्हा."

त्या वर्षी गुरुनाथची नोकरी गेली होती. नोकरीबरोबर व्हिसाही जाणार होता. नागपूरला परतायचं म्हणून त्याने घाईघाईने सामान भरलं. मग दुसरी कंपनी मिळाली. पुढे ग्रीन कार्ड आलं. बाकीचं सामान पुन्हा कपाटात लागलं. एक बॅग मात्र त्याने कुणाला उघडू दिली नाही. असू दे भरलेली, ऐनवेळी धावपळ नको, म्हणायचा.

"मी इथे जन्मले, यार बाबा. मला कोण हाकलणार?"

"तेव्हा मलाही असंच वाटायचं!" तो ताडकन उठला. स्टुलावर चढून त्याने कपाटावरची बॅग ओढली आणि धाडकन जमिनीवर आदळली. "बघ. आजही वेळ आली तर ही उचलून निघता येईल. तुझे कपडेसुद्धा आहेत यात."

"अहो, राहू द्या ना," सुवर्णा म्हणाली.

त्याने कुलूप काढलं, चेन ओढली.

वरच पिवळा फ्रॉक होता. त्याच्या दोन तळहातांत मावेल एवढा.

आश्लेषाने फ्रॉक उचलून अंगाला लावला. तो तिच्या बरगड्यांपाशीच संपला.

गुरुनाथ खाली बसला. एकेक कपडा काढून त्याने जमिनीवर रचला. मोजे, कानटोपी, सुवर्णाचा जुना स्वेटर. बॅग रिकामी झाली तशी त्याने ती उलटी करून झटकली आणि लेकीकडे सरकवली.

"शिकागोत थंडी फार," तो म्हणाला. "जाड कोट मावेल हिच्यात."