गळका टप

सुजितने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पण पाऊल आत पडेना.

"या की," सोनबा म्हणाले. "कोन तुमी?"

"गाड्या धुतो, काका. रावेतला. तुमच्या जावयांची गाडी मीच धुतली होती."

सोनबांचा चेहरा उतरला. पिंपळे गुरवच्या त्या घरापुढचा मांडव अजून उतरवला नव्हता आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मुलगी माहेरी परतली होती. आवाज ऐकून तनुजा आतल्या दाराशी आली. अंगावर शाल, डोळे तापाने लाल.

सुजित आत येऊन मान खाली घालून बसला.

आदिनाथची गाडी कापडी टपाची, वरून उघडणारी. वरातीआधी धुवायला आली तेव्हा कुठल्याशा मिरवणुकीतला गुलाल टपात मुरला होता. सुजितने मऊ ब्रशने तो घासून काढला. कापड पूर्ण वाळलं की मगच त्यावर पाणी अडवणारा फवारा मारायचा असतो. पण बाहेर गाड्यांची रांग लागली होती. त्याने हात फिरवून पाहिला, ओल लागली, तरी फवारा मारून तो मोकळा झाला.

चाकणहून वरात निघाली आणि अवकाळी कोसळला. गाडी पुन्हा त्याच्याकडे आली ती आतून चिंब. सीटच्या फटींत अक्षता फुगल्या होत्या.

आदिनाथ ओरडला नाही. उलट त्याने सुजितच्या खांद्यावर हात ठेवला.

"टप गळला, तनुजा भिजली, रुसून माहेरी गेली. गाडीचं सोड, भावा. फक्त तिच्या वडिलांना भेटून तुझी चूक तेवढी सांग."

त्या चांगुलपणाने सुजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता सगळं सांगून त्याने हात जोडले. "माझ्या हलगर्जीपणामुळं ताईंच्या संसारात विघ्न आलं. माफ करा."

सोनबांनी सुस्कारा सोडला. "ऐकलंस, तनू? जावई ह्येच सांगत हुते. तू मात्र त्यांच्या नावानं खडे फोडत बसलीस. बॅग भर. मी सोडाया येतो."

"आबा..."

"आता काय राह्यलंय बोलायचं? हा मानूस सोताच्या तोंडानं कबूल करतोय."

तनुजाने शाल मनगटापर्यंत ओढून घेतली.

सुजितला हलकं वाटलं. लाज वाटली ती वाटली, पण निदान एक घर सावरलं. तो उठला, पुन्हा एकदा नमस्कार केला आणि दाराकडे वळला.

"दादा," तनुजा मागून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्यांनी टप बंद करूच दिला नाही. शूटिंग चालू होतं. मी गयावया केली, तर खालून माझा हात पिरगळला आणि म्हणाले, हसत राहा."