टोपीकाकांची शेवटची टेप

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टीव्ही केंद्राच्या संकलन खोलीत जुन्या टेपवरचा फुटबॉलचा सामना मध्येच थांबला आणि पडद्यावर टोपीकाका आले.

"अगं बाई, टोपीकाका!" नवी तंत्रज्ञ ओरडली. "यांना बघायला आमची आई शाळेतून धावत सुटायची. मावशी, तुम्ही तेव्हा इथेच होतात ना?"

होत्या. तेव्हाच्या संकलक त्याच. तीस वर्षांपूर्वी काकांचा मुलांचा कार्यक्रम बंद झाला, तेव्हा त्यांनी शेवटच्या भागाची एक प्रत मागितली होती. नेमका कोऱ्या टेपांचा तुटवडा होता, म्हणून मावशींनी त्याच भागाच्या टेपवर हा सामना घेतला. काकांना खरं सांगायला जीभ रेटली नाही. "शोधतेय हो," म्हणाल्या. काका वर्षभर खेटे घालत राहिले आणि एक दिवस वारले.

"सामन्याखाली आधी यांचाच कार्यक्रम असणार. पुसलेलं परत दिसतं का हो?" मुलीने विचारलं.

"नाही."

पडद्यावर काकांनी टोपी काढली. "बाई, सापडली का माझी टेप?"

मावशींचे कान तापले. हे काकांनी कधीच कॅमेऱ्यासमोर विचारलं नव्हतं. ते या खोलीच्या दाराबाहेर उभे राहून, हळूच विचारायचे.

"कुणाला विचारतायत?" मुलीने दुसरी टेप लावली, मग तिसरी. प्रत्येकीत तोच प्रश्न होता.

दुपारी चार वाजता नववी टेप लागली. तिच्यात स्टुडिओ नव्हता. याच खोलीचं बंद दार होतं, दारावर कालच लावलेली नवी पाटी होती, आणि टोपी हातात धरून काका बाहेर उभे होते.