उघडा पूल

"भावजी, पूल जोडा लवकर," काठावरून वहिनी ओरडली.

धाकू काय करणार? त्याने आणि भिवाने दांडा ढकलत, गोल चालत, मधल्या खांबावर आडवा फिरणारा रेल्वेचा पूल गलबतासाठी नुकताच उघडला होता. उघड्या पुलावर ते दोघे नदीच्या मधोमध होते, दोन्हीकडे पाणी. कौलांनी भरलेलं गलबत वारा पडल्याने तिथेच अडकलं होतं. आता पूल फिरवला तर डोलकाठी मोडली असती.

"सकाळी सुंदरा पेज प्याली ना?" त्याने विचारलं.

"प्याली. पण आता ती तुमचं नाव घेऊन हाका मारतेय."

एवढ्या संसारात बायकोने त्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं.

"पोहत जातो मी."

"जा. पण माझ्या एकट्याच्याने पूल हलायचा नाही, आणि गाडी यायचीय," भिवा खाली बघत म्हणाला.

धाकू थांबला.

खलाशांनी बांबू रेटत गलबत पुढे काढलं. दोघांनी दांड्याला छाती लावली. धाकू गोल फिरून पुन्हा काठासमोर आला, तेव्हा घराकडून कुणीतरी धावत आलं होतं आणि वहिनीने पदर तोंडाला लावला होता.

"भावजी," ती म्हणाली, "सावकाश या आता."