संथ डिस्क

"डिस्क ठणठणीत आहे, काका," कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला. "सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये कुणीतरी तिला जुन्या, संथ पद्धतीवर टाकलंय."

त्याने सेटिंग बदलली. कॉम्प्युटर क्षणात उघडला आणि काका त्यात बुडाले. एरवी तो सुरू होईपर्यंत ते स्वयंपाकघरात येऊन बसत, चहाला नावं ठेवत, काकूंशी दोन शब्द बोलत. आज काकू कप घेऊन शेजारी उभ्या राहिल्या, तर म्हणाले, "ठेव तिथे."

काकू दुरुस्तीवाल्याला सोडायला दारापर्यंत गेल्या.

"पुन्हा संथ झाला तर फोन करा, काकू."

"आता फार वेळ नाही लागायचा," काकू म्हणाल्या. "मागच्या वेळी ती सेटिंग शोधण्यातच माझी अख्खी दुपार गेली होती."