त्रास नाही

पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स केलेली तेजल ही अंबरनाथच्या एमआयडीसीमागच्या चाळीतली सगळ्यात शिकलेली मुलगी. पण "डॉक्टर नाहीस, मग आहेस तरी कोण?" याचं उत्तर देता देताच तिची दोन वर्षं गेली. सरकारी जागा अकरा महिन्यांच्या करारावर, पगार अठरा हजार, तोही वेळेवर नाही. म्हणून चाळीशेजारच्या केमिकल कंपनीने एकदम साठ हजार देऊ केले, तेव्हा आईने घरोघर पेढे वाटले.

पहिल्याच दिवशी साहेबांनी तिच्यापुढे तिचाच कॉलेजातला रिपोर्ट ठेवला. कंपनीच्या धुरामुळे चाळीत घरटी एकाला दम लागतो, हे तिने दारोदार फिरून त्यात लिहिलं होतं.

"बेटा, काम एकदम बढिया केलंस," साहेब म्हणाले. "आता त्याच घरांचा नवा सर्व्हे कर. या वेळी कुणालाच त्रास नको."

"पण सर, लोक खरंच खोकतात हो!"

"म्हणून तर साठ देतोय. अठरावाले बाहेर लाइन लावून उभे आहेत."

दुसऱ्या दिवशी तेजल शेजारच्या इंदुमावशींकडे नवा फॉर्म घेऊन गेली. 'त्रास नाही' हे तिने घरूनच भरून आणलं होतं. खोकल्याची उबळ थांबेपर्यंत मावशी पेन हातात धरून बसल्या.

"वाचून दाखवू का, मावशी?" तेजलने कसंबसं विचारलं.

"कशाला गं? मागच्या वेळी तरी कुठे वाचून घेतलं होतं?" सही करत मावशी म्हणाल्या. "तू लिहिलंस म्हणजे आमच्या भल्याचंच असणार."